र. धों. आणि परवानगीचा प्रश्न

गर्भपाताच्या कायद्याची चर्चा आपल्याकडे सुरू झाली की शांतिलाल शहा समितीचे नाव निघते, १९७१ च्या कायद्याचे निघते, आणि बोलणारा थोडा अधिक वाचलेला असेल तर अमेरिकेतल्या रो विरुद्ध वेड या १९७३ च्या खटल्याचेही निघते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव मात्र निघत नाही. ते कधीच संततिनियमनाच्या खात्यावर जमा करून टाकण्यात आले आहेत. शाळेच्या पुस्तकात फार तर एक ओळ, महर्षी अण्णांचे चिरंजीव म्हणून एक ओळख, आणि मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या नग्न चित्रांबद्दल चोरून केलेली चेष्टा. एवढ्यावर त्यांचे प्रकरण मिटते.

मी आयुष्यभर स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केले. गर्भपाताच्या कायद्याखाली भरायचे कागद किती भरले याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसून 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक वाचायचा छंद लागला, तेव्हा हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. आपण समजतो तसा या माणसाचा मुख्य प्रश्न मुले किती असावीत हा नव्हताच. बाईच्या शरीरात काय घडावे आणि काय घडू नये हे ठरवायचे कोणी, हा होता. आणि नेमका हाच प्रश्न आज सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा उभा राहतो आहे. म्हणून त्यांचे चरित्र या बाजूने एकदा सांगून पाहावेसे वाटते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. त्याच १८८२ साली ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते लिहायला निमित्त झाला होता सुरतेचा एक खटला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपले नवजात मूल मारले म्हणून १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीच्या अनीतीवर रकाने भरले. मुलाला बाप होता याची आठवण फारशी कोणाला झाली नाही. ताराबाईंचा संताप तिथला. त्याच्याही वीस वर्षे आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, ते उगीच नव्हे. नको असलेल्या गर्भाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाच्या ब्राह्मणी वाड्यांच्या माजघरात रोजचा होता. उत्तरे तीनच होती: विहीर, बिब्बा किंवा काशीयात्रा.

कायद्याची बाजू याहून सरळ होती. मेकॉलेच्या आयोगाने आराखडा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केला असेल तेवढाच अपवाद. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यानंतर केला असेल तर सात वर्षांपर्यंत. या कलमाला जोडलेले एक लहानसे स्पष्टीकरण आहे. जी स्त्री स्वतःच आपला गर्भ पाडते तीही या कलमात येते, असे ते सांगते. विलायतेतल्या कोणा साहेबाने लिहिलेले हे वाक्य पुढे आमच्या मुरुडच्या, सुरतेच्या आणि सदाशिव पेठेच्या बायकांना लागू झाले.

रघुनाथराव नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. चरित्रकार हा तपशील एका वाक्यात उरकतात. त्या काळात बाळंतपणात बाई जाणे ही बातमीही नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. मी मात्र इथे थांबते. आईच्या मरणाने त्यांना दिशा दिली असे म्हणण्याइतका पुरावा कोणाजवळ नाही, आणि स्वतः रघुनाथराव असल्या भावनिक कार्यकारणभावाला हसले असते. पण बाळंतपण म्हणजे मंगल घटना, एवढेच ज्यांना ठाऊक असते त्या मुलांपैकी ते नव्हते, इतके नक्की.

दोन वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. अकरा वर्षांचा मुलगा हे सारे पाहत होता. समाज माणसाला कसा वाळीत टाकतो, त्याचे अन्नपाणी कसे तोडतो, आणि तरीही माणूस मरत नाही, हे शिक्षण त्याला घरातच मिळाले. पुढे त्याचा उपयोग झाला.

अभ्यासात ते तल्लख होते. १८९९ च्या मॅट्रिकला पहिले आले, फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी.ए. झाले, आणि गणित हा विषय त्यांनी धरला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. १९१९ साली गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. गणिती माणसाची एक खोड असते. गृहीतक कुठून आले हे विचारल्याशिवाय तो पुढच्या पायरीवर पाय ठेवत नाही. धर्म, विवाह, पातिव्रत्य, ब्रह्मचर्य या साऱ्यांना त्यांनी हाच एक प्रश्न विचारला. उत्तर आले नाही की ते खोडून टाकत. त्यांच्या लिखाणात गोडवा नाही, विनवणी नाही. कधी कधी वाचताना वाटते, की या गृहस्थाने दोन शब्द मवाळ लिहिले असते तर निम्मे शत्रू कमी झाले असते. पण मग तो दुसराच कोणी झाला असता.

पॅरिसच्या वास्तव्याच्या सुमारासच, १९२० साली, फ्रान्सने गर्भपाताला उत्तेजन देणे आणि संततिनियमनाचा प्रचार करणे या दोन्हींवर बंदी घालणारा कायदा केला. महायुद्धात मेलेल्या लाखो तरुणांची जागा भरायची होती. अमेरिकेत तर १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने, गर्भपाताची औषधे आणि अश्लील पुस्तके एकाच पोत्यात बांधून टपालातून हद्दपार केली होती. याउलट १९२० सालीच रशियाच्या नव्या सरकारने गर्भपात कायदेशीर केला, आणि १९३६ साली स्टालिनने तो पुन्हा बंद केला. थोडक्यात, शिपाई हवे असले की बायकांनी प्रसवावे आणि तोंडे जास्त झाली की थांबावे. सरकारांचा हिशेब सगळीकडे असाच. त्यात बाईला विचारण्याची पद्धत कुठेच नव्हती.

आपल्याकडची स्थिती थोडी वेगळी होती. गर्भपात हा गुन्हा होता, पण गर्भ राहूच नये म्हणून उपाय करणे हा दंडसंहितेत गुन्हा नव्हता. मेकॉलेला ते सुचले नसावे. रघुनाथरावांनी या मोकळ्या जागेत आपले बिऱ्हाड मांडले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला तोही याच वर्षी. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही. फक्त मुंबईने त्या माणसाचे काय केले तेही सोबत सांगावे लागेल. १९२३ साली त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक आले. १९२५ साली विल्सन कॉलेजच्या मिशनरी चालकांना आपला प्राध्यापक असल्या विषयावर जाहीर बोलतो हे सहन होईना, आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. पुण्यातले सनातनी आणि मुंबईतले पाद्री यांचे एकमत होण्याचे प्रसंग इतिहासात फार नाहीत. र. धों. नी ते घडवून आणले.

या सगळ्यात मालतीबाई त्यांच्याबरोबर होत्या. दोघांनी मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि पाळले. आजही, लग्नाला तीन वर्षे झाली की सासरचे लोक सुनेला माझ्यासारखीकडे तपासायला आणतात. त्या काळी एका ब्राह्मण बाईने जाणूनबुजून निपुत्रिक राहायचे म्हणजे हळदीकुंकवाच्या प्रत्येक आमंत्रणात काय ऐकावे लागले असेल याची कल्पना पुरुष वाचकांना येणार नाही. रघुनाथरावांचे धैर्य अंकांत छापलेले आहे. मालतीबाईंचे कुठे छापलेले नाही.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले आणि रघुनाथरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, चालले. ते नुसते संततिनियमनाचे मासिक नव्हते. गुप्तरोग, आरोग्य, धर्मचिकित्सा, स्त्रीचे कामसुख, नग्नता, सारे विषय त्यात होते. स्त्रीला कामसुखाचा हक्क आहे, ही गोष्ट त्यांनी मराठीत न लाजता लिहिली. मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते वाचकांच्या प्रश्नांचे सदर. घरातल्या कोणाला, डॉक्टरालाही विचारता येत नव्हते ते लोक इथे विचारत. उत्तर कोरडे, मोजके आणि शास्त्राला धरून. प्रश्नकर्त्याची लाज काढायची नाही, त्याला उपदेश पाजायचा नाही. रुग्णाशी कसे बोलावे हे आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने इतके चांगले शिकवले नाही.

साधने देणे हा गुन्हा नव्हता, मग यांना अडवायचे कसे? त्यासाठी दंडसंहितेत दुसरे कलम होते, २९२ वे, अश्लीलतेचे. आणि अश्लील म्हणजे काय, ते सांगणारी कसोटी होती १८६८ च्या हिकलिन खटल्यातली. ज्यांची मने वाईट प्रभावाला बळी पडू शकतात अशांच्या हाती तो मजकूर पडला तर त्यांना तो बिघडवील काय, एवढेच न्यायाधीशाने पाहायचे. लेखकाचा हेतू काय, विषय काय, सबंध पुस्तक काय सांगते, याला किंमत नाही. अशा चाळणीतून वैद्यकाचे कुठलेही पुस्तक पार होणे कठीण.

पहिला खटला १९३१ चा. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून पुण्याच्या सनातन्यांनी उठाव केला, रघुनाथरावांना अटक झाली आणि शंभर रुपये दंड झाला. उच्च न्यायालयातले अपीलही फेटाळले गेले. शंभर रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हे, त्यातून नोकरी गेलेल्या माणसाला तर नव्हेच.

दुसरा खटला १९३४ चा, आणि तो माझ्या मते महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे. या वेळी आरोप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, समलिंगी संबंधांविषयी होते. बचावाचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांची धूळ अजून खाली बसली नव्हती. बाबासाहेबांच्या डोक्यावर शत्रूंची कमतरता नव्हती. असे वकीलपत्र घेऊन त्यांना ना पैसा मिळणार होता ना पाठिंबा. तरी त्यांनी ते घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता: लैंगिक विषयावर लिहिले म्हणून मजकूर आपोआप अश्लील होत नाही. लोकांनी प्रश्न विचारले आहेत, आणि ज्याचे ते काम आहे त्याने ज्ञान दिले आहे. प्रश्न विकृत वाटत असतील तर विकृती दूर करायलाही ज्ञानच लागेल. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार त्यांनी दिला. न्यायालयाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला.

खटला हरला, यात नवल नाही. हिकलिनची कसोटी आपल्याकडे त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी खटल्यात ती उचलून धरली. १९६९ साली २९२ व्या कलमात शास्त्र, साहित्य, कला यांसाठी लोकहिताचा अपवाद घालण्यात आला, आणि ती कसोटी खऱ्या अर्थाने मोडीत निघाली ती २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात. बाबासाहेब जे बोलत होते ते न्यायालयांना ऐकू जायला एवढा वेळ लागला.

मधल्या काळात, डिसेंबर १९३५ मध्ये, मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींचा उपाय संयम हा होता. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध कायम राहिला. रघुनाथरावांनी या बाबतीत गांधीजींना कधी सोडले नाही. साऱ्या देशाने ज्यांच्या पायाशी बसावे त्यांच्यावर हा माणूस महिन्याच्या महिन्याला शास्त्राच्या नावाने टीका करी. त्याची किंमत त्यांच्या लोकप्रियतेने मोजली. पण एक डॉक्टर म्हणून विचाराल तर संयमाच्या उपदेशातली मेख अशी, की तो पाळण्याचे बाईच्या हाती नसते. नवऱ्याला नाही म्हणण्याची सोय जिला नाही, तिला ब्रह्मचर्य सांगून काय उपयोग?

१९३८ हे साल या कहाणीत दोन ठिकाणी येते. जुलैत लंडनमध्ये डॉ. अॅलेक बोर्न यांच्यावर खटला चालला. सैनिकांच्या बलात्कारातून गर्भ राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा गर्भपात त्यांनी उघडपणे केला आणि पोलिसांना स्वतः कळवले. बाईचा जीव वाचवणे याचा अर्थ तिला फक्त मरणापासून वाचवणे एवढाच नव्हे, तिचे शरीर आणि मन उद्ध्वस्त होणार असेल तर डॉक्टर तेही लक्षात घेऊ शकतो, असे न्यायाधीशांनी पंचांना समजावले. बोर्न निर्दोष सुटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी, संततिनियमनाची सोय सरकारने करावी, असा ठराव मांडला. तो मोठ्या फरकाने पडला. लंडनमध्ये गर्भपाताचे दार किलकिले होत होते, आणि आम्ही गर्भ राहू नये म्हणून बोलायलाही तयार नव्हतो.

याचा अर्थ बायका थांबल्या होत्या असे नाही. कायद्याने बंद असलेली गोष्ट बंद पडत नाही, ती फक्त अंधारात जाते. मी सत्तरच्या दशकात एका मोठ्या सरकारी रुग्णालयात शिकत होते, तेव्हा नवा कायदा आलेला होता, पण तो खेड्यात पोचलेला नव्हता. वॉर्डात एका कोपऱ्यातल्या खाटा जणू राखीवच असत. पोट पाडायला गेलेल्या, आणि ताप, रक्तस्राव, पू घेऊन आलेल्या बायका. कोणी सुईणीकडून काडी घालून घेतलेली. त्या काडीला चित्रकाचे मूळ, कण्हेर किंवा बिब्ब्याचा रस लावलेला. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात या काडीचे रीतसर वर्णन आहे. ते आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. खाटेवरची बाई मात्र विचारले तर कधी कबूल होत नसे. जिने पडली, ओझे उचलले, एवढेच सांगे. ३१२ वे कलम तिने वाचलेले नव्हते, पण त्याची भीती तिच्या हाडात होती.

देश स्वतंत्र झाला. १९४९ साली मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संघटना निघाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत, १९५२ साली, सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. जगात असे करणारा आपला पहिला देश. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, सँगरबाई आल्या, मोठमोठी भाषणे झाली. ज्या शहरात एकतीस वर्षांपूर्वी एका गणिताच्या प्राध्यापकाने हे काम एकट्याने सुरू केले होते, त्याच शहरात. वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव गेले. वय एकाहत्तर. 'समाजस्वास्थ्य' त्यांच्याबरोबर संपले. पंचाण्णव वर्षांचे अण्णा मुलाच्या मागे उरले. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले.

विजय झाला, असे इथे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. सरकारने रघुनाथरावांची साधने घेतली, त्यांचा प्रश्न घेतला नाही. लोकसंख्येचा हिशेब त्यांनाही कळत होताच, पण त्यांच्या मांडणीत बाई ही त्या हिशेबातला आकडा नव्हती. सरकारच्या मांडणीत ती तेवढीच राहिली. पुढे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या कित्येक जबरदस्तीने. कुटुंबनियोजन हा शब्द इतका बदनाम झाला की १९७७ साली खात्याचे नावच कुटुंबकल्याण करावे लागले. आणि गंमत पाहा, अमोल पालेकरांनी २००१ साली र. धों. वर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. मासिकाच्या पानापानावर कुटुंबसंस्थेचीच चिरफाड करणाऱ्या माणसाच्या नावापुढे अखेर हा शब्द लागला.

गर्भपाताचा कायदा आला तोही याच दाराने. १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. त्या वर्षांत रघुनाथरावांचे काम पुढे नेणाऱ्या शकुंतला परांजपे राज्यसभेत होत्या. १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने हजारो बायकांचे प्राण वाचवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या कोपऱ्यातल्या खाटा माझ्या देखत रिकाम्या होत गेल्या. पण कायद्याची रचना पाहा. त्याने ३१२ वे कलम रद्द केले नाही, फक्त डॉक्टरला त्यातून संरक्षण दिले. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीसपर्यंत दोघांचे. बाईची संमती लागते, पण तिची इच्छा हे कारण नव्हे. कारण डॉक्टरला सापडले पाहिजे. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ हे कारण मान्य होते, मात्र विवाहितेपुरते. अविवाहितेने साधन वापरणे कायद्याला ठाऊकच नव्हते. नवऱ्याची सही कायद्याने कधीही आवश्यक नव्हती, तरी कितीतरी दवाखान्यांतून ती मागितली जात असे, अजूनही मागितली जाते. सही नाही म्हणून परत पाठवलेल्या बायका मग माझ्याकडे येत, तोवर आठवडे वाढलेले असत.

पुढे सोनोग्राफी आली आणि मुलींचे गर्भ वेचून पाडले जाऊ लागले. महाराष्ट्राने १९८८ साली, केंद्राने १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. तो हवाच होता. पण त्याच्या धाकाने अनेक डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातही नाकारायला सुरुवात केली, आणि फटका पुन्हा बाईलाच बसला.

मग न्यायालये. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक जोडपे आले. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे वीस आठवड्यांनंतर कळले होते. परवानगी नाकारली गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ द्यावे की नाही हे ठरवणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. २०२१ साली कायदा बदलला. मुदत काही गटांसाठी चोवीस आठवडे झाली, आणि विवाहिता व तिचा नवरा या शब्दांच्या जागी कोणतीही स्त्री व तिचा जोडीदार हे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांचा हक्क दिला. 'समाजस्वास्थ्य'चा कोणताही जुना वाचक या निकालावर चकित झाला नसता.

पण वर्षभरातच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दिल्लीची एक विवाहिता, दोन मुलांची आई, सर्वोच्च न्यायालयात आली. धाकट्याला अंगावर पाजत असल्याने पाळी बंद होती, म्हणून गर्भ राहिल्याचे उशिरा कळले. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर तिचे औषध चालू होते. सव्वीस आठवडे झाले होते. आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींनी ती नाकारली. इतक्या पुढच्या गर्भाबद्दल डॉक्टरांच्या मनात प्रश्न उभे राहतात, माझ्याही राहिले असते. त्या निकालाला हसण्याचे कारण नाही. तरी आठवडाभर सारा देश ज्याची चर्चा करत होता, ते त्या बाईला स्वतःला काय हवे आहे हे नव्हते. तिला कोणी परवानगी द्यायची, हे होते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. र. धों. ना ज्याखाली दंड झाला ते २९२ वे कलम आता २९४ वे आहे. ३१२ वे कलम आता ८८ वे झाले. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीही त्यात येते, हे १८६० चे स्पष्टीकरण त्याच्याखाली तसेच उतरवून घेतले आहे.